एका स्टारला उत्तर: ओली भिंत आणि तापणारा पत्रा

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तक्रार थोडक्यात अशी, की वाईजवळच्या वडिलोपार्जित दगडी घराचं काम उन्हाळ्यात तुम्ही स्वतः केलंत. वॉटरप्रूफ रंगाच्या बादल्या आणि पत्र्याखाली लावायचं बबल फॉइल (उष्णता अडवणारा, हवेच्या फुग्यांचा चकचकीत कागद) आमच्या दुकानातून नेलंत. दिवाळीला घर उघडलं तर भिंतीचे पोपडे निघालेले आणि फॉइलमधून पाणी ठिबकतंय. ‘जुना माल गळ्यात मारला, वर उघडलेली बादली परत घेत नाहीत’, म्हणून एक स्टार.

उघडलेली बादली आम्ही परत घेत नाही, हे खरं आहे आणि पुढेही घेणार नाही. ती दुसऱ्याला विकता येत नाही. माल जुना होता म्हणता, तर बादलीवर उत्पादनाची तारीख छापलेली असते. तिचाही फोटो टाका, सगळ्यांना दिसू दे.

तुम्ही जे फोटो टाकलेत ते मात्र मी मोठे करून पाहिले. पोपडे जमिनीपासून कमरेपर्यंतच आहेत, त्याच्या वर रंग ठणठणीत. रंग खराब असता तर वरचाही सुटला असता ना? आणि पोपड्याच्या आत जी पांढरी भुकटी दिसते, तो लोणा आहे, म्हणजे ओलीबरोबर वर आलेले क्षार. आपल्याकडची जुनी घरं काळ्या दगडाची, मातीत रचलेली आणि दगडांमधल्या दर्जा (सांधे) चुन्याने भरलेल्या. काळा दगड फारसं पाणी पीत नाही, पण मधली माती पिते आणि जमिनीतली ओल वर चढवते. पूर्वी ती चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू वाळून जायची. तुम्ही त्यावर आधी सिमेंटचा गिलावा केलात (तो आमच्याकडच्या सामानातला नाही, पण असो) आणि वर रंगाचा जाड पापुद्रा चढवलात. ओलीला बाहेर पडायला वाट उरली नाही. पाण्यातले क्षार रंगाच्या मागे साठले, त्यांचे खडे झाले आणि त्यांनी रंग ढकलून काढला. कुठल्याही कंपनीचा, कितीही महाग रंग आणला असता तरी हेच झालं असतं. बादली देताना आमच्या मुलाने ‘भिंत कोरडी आहे का’ असं विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, मे महिना आहे, कोरडीच असणार.

मे महिन्यातही ती आतून ओली असू शकते. बघायचं तर दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर एक दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब धरले तर ओल भिंतीतून येतेय. प्लास्टिकच्या बाहेरच्या बाजूला धरले तर खोलीतल्या हवेतलं पाणी आहे, आणि मग खिडक्या उघडणं हाच पहिला उपाय.

आता पुढे काय करायचं ते सांगतो, आणि यातल्या पहिल्या कामाला आमच्याकडून काहीच घ्यावं लागत नाही. घराबाहेर जाऊन भिंतीच्या पायथ्याशी बघा. जुन्या घरांत बहुतेक वेळा भर टाकून टाकून अंगण घरातल्या जमिनीपेक्षा उंच झालेलं असतं, किंवा कुणीतरी भिंतीला चिकटून कोबा केलेला असतो. ती माती खाली उतरवा, उतार भिंतीपासून लांब जाईल असा द्या, पत्र्याला पन्हळ लावा म्हणजे पागोळ्या पायावर पडणार नाहीत. हे न करता आत कितीही खर्च केलात तरी व्यर्थ. मग ओलीच्या खुणेच्या वर फूटभर जाईपर्यंत सिमेंट काढून टाका आणि भिंत उन्हाळ्यापर्यंत उघडीच ठेवा. तेवढा धीर लोकांना नसतो, खरी अडचण तीच आहे. नंतर चुन्याचा गिलावा: एक भाग चुना, तीन भाग वाळू, आणि वाळूतली थोडी कमी करून विटांची बारीक पूड म्हणजे सुरखी, कारण ओलसर भिंतीत नुसता चुना लवकर धरत नाही. पातळ थर द्या, ऊन कडक असेल तर वर ओलं गोणपाट टांगा. शेवटी चुन्याचेच हात. स्वतः करणार असाल तर कळीचा (न विरवलेला) चुना घेऊ नका, पाणी पडताच तो उकळतो, प्लास्टिकची बादली वितळवतो आणि डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो. पिशवीतला विरवलेला चुना घ्या.

फॉइलचं थोडक्यात. चकचकीत बाजूसमोर मोकळी हवा असेल तरच ते उष्णता अडवतं. तुम्ही ते डिंकाने थेट पत्र्याला चिकटवलंत, म्हणजे पत्रा तापला की फॉइलही तापणार. लाकडी रीप मारून पत्र्यापासून निदान एक इंच खाली घ्या, चकचकीत बाजू खाली ठेवा म्हणजे धूळ बसणार नाही, आणि वळचणीला व आढ्याजवळ हवेला वाट ठेवा. ठिबकणारं पाणी पावसाचं नाहीच. रात्री पत्रा थंड पडतो, घरातली दमट हवा फॉइलच्या सांध्यांतून वर जाते आणि पत्र्याला घाम सुटतो. सांध्यांना तुम्ही साधी सेलोटेप लावली आहे, ती फोटोत लोंबतेय. तिथे ॲल्युमिनियमची टेप लागते.

एक गोष्ट मात्र तातडीची. तिसऱ्या फोटोत फॉइलवरून जुन्या लाकडी पट्टीतली वायर गेलेली दिसते. फॉइलमधून करंट जातो. त्याला पुन्हा हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा, वायरमनकडून ती वायर बदलून घ्या आणि ईएलसीबी (करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या. बाकीचं काम महिनाभर थांबलं तरी चालेल, हे थांबवू नका. आणि मागच्या पडवीवर जे सिमेंटचे पत्रे दिसतात त्यांना ड्रिल मारू नका. अशा जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ छातीत जाऊ देऊ नये.

न उघडलेले फॉइलचे रोल तुमच्याकडे उरले असतील तर बिलासह आणा, पूर्ण पैसे मिळतील. स्टार किती ठेवायचे ते तुम्ही ठरवा.