थर्मोस्टॅट काढा म्हणणारा तो फॉरवर्ड आता थांबवा

"एक लाखावर पळालेली स्पोर्ट्स कार म्हणजे फिरता बॉम्ब" असा एक मेसेज सध्या नाशिकच्या गाडीवाल्या ग्रुपांमधून फिरतोय आणि फिरत फिरत तो आमच्या ताईपर्यंत पोचलाय. तिच्या मुलाने मुंबईहून २००७ ची पोर्शे बॉक्स्टर घेतलीये, १ लाख १८ हजार किलोमीटर झालेली. ताई म्हणते विकून टाक, आणि भाचा मला विचारतोय, "मामा, थर्मोस्टॅट काढून टाकू का?" कारण मेसेजमध्ये तसं लिहिलंय आणि इथल्या एका गॅरेजवाल्यानेही हो म्हणून सांगितलं. मेसेजमधले दावे असे: लाखानंतर इंजिन संपतं, बॉक्स्टरचं आयएमएस बेअरिंग (इंजिनातल्या इंटरमीडिएट, म्हणजे मधल्या शाफ्टला धरणारं बेअरिंग) फुटतंच, गाडी पळवू नका, रोज पार्किंगमध्येच पाच मिनिटं चालू ठेवा, ऑइल जाड टाका, आणि आपल्या उन्हात थर्मोस्टॅट काढून "डायरेक्ट" करून घ्या.

शेवटचा दावा आधी घेतो, कारण त्याने चांगलं इंजिन खरंच मरेल. थर्मोस्टॅट म्हणजे गाडी गरम करणारा पार्ट नाही हो. इंजिन थंड असताना तो कूलंट रेडिएटरकडे जाऊ देत नाही, आतल्या आत बायपासने फिरवतो, आणि ८०-८५ डिग्रीच्या पुढेमागे उघडतो. उघडताना तोच बायपासची वाट बंद करतो, आणि हे कुणीच सांगत नाही. काढून टाकला की बायपास कायम उघडा, म्हणजे गरम कूलंटचा काही भाग रेडिएटरला न जाता तसाच परत इंजिनमध्ये, आणि ज्या द्वारका सर्कलच्या ट्रॅफिकमध्ये गाडी थंड राहावी म्हणून हा उद्योग केला तिथेच ती जास्त तापणार. उलट निफाडकडच्या थंडीत सकाळी काढलीत तर इंजिन लवकर गरमच होत नाही, ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, वाटतं अजून कोल्ड स्टार्ट चालूय म्हणून तो जास्तीचं पेट्रोल सोडत राहतो, ते पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन काढतं आणि उरलेलं खाली ऑइलमध्ये मिसळतं. या इंजिनांमध्ये बोअर स्कोअरिंग म्हणजे सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पडण्याची तक्रार आधीच आहे, त्यात स्वतःच्या हाताने भर कशाला घालायची?

ही आयडिया आली कुठून ते माहितीये मला. पद्मिनी आणि जुन्या जीपच्या काळात रेडिएटर चोंदलेले असायचे, कसारा घाट चढवायचा तर ड्रायव्हर थर्मोस्टॅट काढून फेकून द्यायचे आणि साधं पाणी भरायचे. तेव्हा वेळ निभावली असेल, पण अ‍ॅल्युमिनियमच्या इंजिनात बोअरवेलचं पाणी घालणं म्हणजे आतून क्षार आणि गंज दोन्ही.

यात अर्धं खरं एवढंच की या इंजिनांसाठी ७१ डिग्रीला उघडणारा थर्मोस्टॅट बाजारात मिळतो आणि काही जाणकार तो बसवतातही. पण तो थर्मोस्टॅटच आहे, त्याच्या जागी भोक नाही! आणि गाडी खरंच तापत असेल तर भाच्याला माझं सांगणं, पुढचा बंपर खोल. बॉक्स्टरचं इंजिन सीटच्या मागे असलं तरी रेडिएटर पुढे आहेत, दोन्ही कोपऱ्यांत, आणि बंपरच्या जाळीतून पानं, धूळ, प्लास्टिक सगळं तिथे जाऊन बसतं. ते साफ केलं, वॉटर पंप बघितला, कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून व्हॅक्यूमने भरलं म्हणजे आत हवा अडकत नाही, तर घाटातही काही होत नाही.

आता आयएमएस बेअरिंग. ही भीती खोटी नाही, एवढं मान्य करतो. पण "फुटतंच" हे साफ चूक. अमेरिकेत यावर ग्राहकांनी पोर्शेवर सामूहिक दावा लावला होता, आयझेन विरुद्ध पोर्शे, २०१३ मध्ये तडजोड झाली. ती होती २००१ ते २००५ च्या मॉडेल्ससाठी, आणि तिथे पुढे आलेला बेअरिंग निकामी होण्याचा आकडा सिंगल रो (गोळ्यांची एकच रांग असलेल्या) बेअरिंगसाठी ८ टक्क्यांच्या आसपास, त्याआधीच्या डबल रोसाठी (दोन रांगांच्या) १ टक्क्याहून कमी. भाच्याची गाडी २००७ ची, तिच्यात त्यानंतर आलेलं मोठं बेअरिंग आहे, आणि ते इंजिन पूर्ण खोलल्याशिवाय निघतच नाही. त्यामुळे कुणी "दोन दिवसांत बदलून देतो" म्हणत असेल तर कसं बदलणार ते आधी विचार. आणि २००९ मॉडेलपासून तर ती मधली शाफ्टच नाही, तरी मेसेज सगळ्या बॉक्स्टरवाल्यांना घाबरवतोय.

लाखाचा मुद्दाही त्याच तडजोडीत निकालात निघतो. त्यात भरपाईसाठी १० वर्षं किंवा १ लाख ३० हजार मैल अशी मर्यादा होती, म्हणजे साधारण २ लाख ९ हजार किलोमीटर. कंपनीने चूक कबूल केली असं नाही, पण लाखाला इंजिन संपतं असं असतं तर कुठली कंपनी दोन लाखापर्यंत पैसे द्यायला तयार झाली असती? मला काळजी लाखाची नाही, मीटर मागे फिरवलंय का याची आहे. सर्व्हिसचे कागद जुळव, बोअरस्कोप, म्हणजे बारीक कॅमेरा, घालून सिलिंडर बघून घे.

पार्किंगमधली पाच मिनिटं बंद कर. तेवढ्यात ऑइल गरम होत नाही, पाणी आणि पेट्रोल त्यातच राहतं. आठवड्यातून एकदा इगतपुरीपर्यंत ने, ऑइल नीट तापेपर्यंत सावकाश आणि मग मोकळी सोड.

ऑइल २०डब्ल्यू-५० सारखं जाड नाही, पोर्शे ए४० (कंपनीचा स्वतःचा ऑइलचा दर्जा) मान्यतेचं, आणि किलोमीटर झाले नाहीत तरी वर्षातून एकदा बदलायचं. बदलताना फिल्टरचा कागद फेकू देऊ नकोस, घड्या उलगडून उजेडात बघ. धातूची चमकी किंवा प्लास्टिकचे तुकडे दिसले तर गाडी चालू करायची नाही, फ्लॅटबेड ट्रकवर टाकूनच न्यायची.