बाँड आहे, पण घेणारं कोण?
शुअरटी बाँडवरच्या लेखात म्हटलंय की या बाँडमुळे, म्हणजे ठेकेदार काम पूर्ण करेल अशी विमा कंपनीने सरकारला दिलेल्या हमीमुळे, छोट्या कंत्राटदाराचं भांडवल मोकळं होईल. कागदावर बरोबर आहे. बँक गॅरंटीसाठी, म्हणजे हीच हमी बँकेकडून घ्यायची तर, एफडी अडकते, शिवाय ती रक्कम बँकेतल्या आपल्या कर्जमर्यादेतून वजा होते. मग सिमेंट-सळईवाल्याचे पैसे द्यायला ओढाताण. विमा कंपनीचा बाँड हे टाळू शकतो.

विमा नियामक 'इर्डाई'ची या बाँडसाठीची मार्गदर्शक तत्त्वं १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. कंत्राटाच्या रकमेच्या ३० टक्क्यांपर्यंतच हमी, ही अट २०२३ मध्ये काढलीसुद्धा. केंद्राच्या वित्तीय नियमांत हा बाँड बसतो. पण आमच्याकडच्या एका सरकारी कार्यालयात मी हा बाँड दिला, तेव्हा टेंडर क्लार्कने कागद उलटापालटा करून विचारलं, "यावर बँकेचा शिक्का कुठाय?" निविदेच्या नमुन्यात फक्त एफडी आणि बँक गॅरंटी! वाद घालत बसलो असतो तर मुदत गेली असती. मुकाट्याने एफडी केली.

दुसरं, हा नेहमीचा विमा नव्हे. काम फसलं तर कंपनी आधी सरकारला पैसे देते आणि मग आपल्याकडूनच वसूल करते. म्हणून ताळेबंद, हातातली कामं, संचालकांची वैयक्तिक हमी, सगळं तपासतात. नवख्या ठेकेदाराला तिथेही तारण मागितलं जातं. लेखात याबद्दल चकार शब्द नाही.