चढ चालत चढणं ही हार नव्हे: ‘पळत ट्रेक करा’ या सल्ल्याचा प्रतिवाद

पावसाळा सरला की ट्रेकिंगच्या ग्रुपांवर एक सल्ला फिरू लागतो. शब्द थोडे बदलतात, सार तेच राहतं: सह्याद्रीतला कुठलाही ट्रेक पळत केला की अर्ध्या वेळात होतो. वेळ अर्धा म्हणून पाणीही अर्धं, एक बाटली बास. चढावर चाललात तर ते ट्रेल रनिंगच, म्हणजे डोंगरवाटेवरचं पळणंच नव्हे. चढाला गेलेला वेळ उतारावर भरून काढायचा. रस्त्यावर पळायचे बूट चालतात. आणि मोबाइलमध्ये ट्रॅक, म्हणजे वाटेची जीपीएस नोंद असली की टॉर्च-जाकिटाचं ओझं कशाला?

यामागची मूळ कल्पना चांगली आहे. चालणं आणि पळणं यांची नीट सांगड घातली तर कात्रज-सिंहगड किंवा राजगड-तोरणा अशी लांबलचक डोंगरधार एका दिवसात, उजेडात आणि अंगात त्राण ठेवून पुरी करता येते. म्हणूनच या सल्ल्यातले तपशील तपासायला हवेत. त्यातले बरेचसे चुकीचे आहेत आणि काही जिवावर बेतणारे.

‘अर्ध्या वेळात होतो’

हिशेब मांडून बघू. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ यांनी १८९२ साली दिलेला ठोकताळा आजही वापरात आहे: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला वर आणखी एक तास. समजा वाट १५ किलोमीटरची आणि एकूण चढाई १,००० मीटर. चालत ३ तास अधिक १ तास ४० मिनिटं, म्हणजे ४ तास ४० मिनिटं.

आता हीच वाट जिथे जमेल तिथे पळत, बाकी चालत. सराव असलेल्या माणसाने खाणं-पिणं, वाट शोधणं धरून किलोमीटरला सरासरी ९ मिनिटं आणि दर १०० मीटर चढाईला वर ६ मिनिटं धरावीत. २ तास १५ मिनिटं अधिक १ तास, एकूण सव्वातीन तास. वाचला तो जेमतेम तिसरा हिस्सा. जो अर्धा वेळ धरून निघतो तो शेवटची बस चुकवतो किंवा अंधारात सापडतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पुण्याकडे सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, आणि कारवीच्या रानात त्याच्या आधीच दिसेनासं होतं.

आल्प्समधल्या माँ ब्लां पर्वताला वळसा घालणारी यूटीएमबी ही डोंगरी शर्यत साधारण १७० किलोमीटरची, १०,००० मीटर चढाईची आहे. २०२३ मध्ये अमेरिकन धावपटू जिम वॉल्म्सलीने ती १९ तास ३७ मिनिटांत जिंकली. सरासरी वेग ताशी पावणेनऊ किलोमीटरच्या आसपास. सपाट रस्त्यावर कित्येक हौशी धावपटू याहून जोरात पळतात. डोंगर वेग असा खातो.

‘चढावर चाललात तर ते ट्रेल रनिंग नव्हे’

त्या शर्यतीत पुढे असणारेही तीव्र चढ काठ्या टेकत चालतच चढतात. त्यामागचं गणित स्वच्छ आहे.

२००२ मध्ये संशोधक आल्बेर्तो मिनेत्ती आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या उतारांवर चालायला आणि पळायला किती ऊर्जा लागते ते मोजलं. सपाटीवर दर किलो वजनामागे, दर मीटरला चालायला सुमारे १.६ जूल आणि पळायला ३.४ जूल लागतात, म्हणजे दुप्पट. तरी सपाटीवर पळणं परवडतं, कारण चालण्याचा वेग ताशी ७ किलोमीटरच्या पुढे रेटला की चालणंच महाग पडू लागतं. ४५ टक्के चढावर (आडव्या १०० मीटरमागे ४५ मीटर उंची) मात्र आकडे १७.३ आणि १८.९ असे येतात. तिथे ताशी ७ किलोमीटरचा प्रश्नच उद्भवत नाही, फुप्फुसांची आणि हृदयाची ताकद त्याच्या कितीतरी आधी संपते. म्हणजे तेवढाच दम खर्चून चालणारा माणूस पळणाऱ्यापेक्षा किंचित पुढेच जातो. कोलोरॅडो विद्यापीठातल्या २०१६ च्या प्रयोगात, ताशी सुमारे १,२६० मीटर उंची चढण्याच्या गतीला, साधारण १६ अंशांहून तीव्र चढावर पळण्यापेक्षा चालणं स्वस्त ठरलं.

सिंहगडची आतकरवाडीची वाट घ्या. सुमारे पावणेतीन किलोमीटर अंतरात सहाशेच्या आसपास मीटर चढाई, म्हणजे सरासरी २२ टक्के, साधारण साडेबारा अंश. पण ही सरासरी फसवी आहे. मध्ये पाच-सहा अंशांचे तुकडे येतात, तिथे छोट्या पावलांनी पळावं. उंच दगडी टप्पे येतात, तिथे चालावं. जो खालपासून सगळंच पळतो तो पहिल्या पाव तासात धापा टाकू लागतो, मग थांबतो, मग पुन्हा पळतो. थांबण्यासकट त्याचा वेळ एकसारखं चालणाऱ्याच्या मागेच पडतो.

बदल कधी करायचा? धाप लागल्यावर नव्हे, लागण्याआधी. पूर्ण वाक्य एका दमात बोलता येईनासं झालं की पळणं सोडा. लांब वाटेवर त्याच्याही थोडं आधी. चालायला लागल्यावर रेंगाळायचं नाही. कमरेत वाकण्याऐवजी घोट्यापासून अंग पुढे झुकवा, पावलं छोटी ठेवा, जमेल तिथे पूर्ण तळवा टेकवा. चवड्यांवर चढत राहिलात तर पोटऱ्यांत गोळे येणार हे नक्की. काठ्या नसतील तर तीव्र टप्प्यावर हाताचे तळवे गुडघ्याच्या जरा वर, मांडीवर ठेवून प्रत्येक पावलाला खाली दाबा. सरावाची प्रगती किलोमीटरच्या वेळेत मोजू नका, तासाला किती मीटर उंची चढलात त्यात मोजा. नियमित ट्रेकर ६०० च्या आसपास असतो. ९०० मीटर हलक्या पाठीने आणि न थांबता जमू लागले की तुमचं चालणं पुष्कळ पळणाऱ्यांना मागे टाकेल.

चालण्याच्या टप्प्याचा आणखी एक मोठा उपयोग आहे, आणि तो सहसा कुणी सांगत नाही. खाणं, पिणं, नकाशा बघणं, बुटातला खडा काढायचा की नाही ते ठरवणं, ही सगळी कामं चढावर चालताना उरकायची. म्हणजे माथ्यावर पोचल्यावर थांबावं लागत नाही.

‘वेळ कमी, म्हणून पाणी कमी’

घाम किती येतो हे शरीरात तयार होणाऱ्या उष्णतेवर ठरतं. पळताना दर किलो वजनाला, दर किलोमीटरला साधारण १ किलोकॅलरी खर्च होते. चालताना त्याहून बरीच कमी. म्हणजे तेच अंतर पळून कापलं तर एकूण उष्णता जास्तच तयार होते, आणि ती कमी वेळात बाहेर टाकावी लागते. ऑक्टोबरच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. ओघळलेला घाम अंग थंड करत नाही, पाणी मात्र जातं.

वरच्याच वाटेचा हिशेब: चालताना तासाला अर्धा लिटर घाम धरला तर ४ तास ४० मिनिटांत २.३ लिटर. पळत-चालत तासाला ८०० मिली धरला तर सव्वातीन तासांत २.६ लिटर. एक बाटली कुठल्याच हिशेबात बसत नाही. कात्रज ते सिंहगड या धारेवर भरवशाचं पाणी नाही. किल्ल्यांवरची बरीच टाकी मार्चनंतर आटतात किंवा पिण्याजोगी उरत नाहीत.

स्वतःचा आकडा घरीच काढता येतो. पळायला निघण्याआधी कमीत कमी कपड्यांत वजन करा, तासभर पळा, घाम पुसून पुन्हा वजन करा. कमी झालेला प्रत्येक किलो म्हणजे एक लिटर, त्यात मध्ये प्यायलेलं पाणी मिळवा. ट्रेकला निघाल त्या हंगामात आणि त्या वेळेलाच हे करा, जानेवारीचा पहाटेचा आकडा एप्रिलला कामाचा नाही.

उलट बाजूनेही चूक होते. भीतीपोटी साधं पाणी तहान नसताना ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. बोटं सुजणं, मळमळ, डोकं दुखणं, मग बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणं. अशा माणसाला आणखी साधं पाणी पाजणं घातक ठरतं. तहानेप्रमाणे प्या. ओआरएस पाकिटावर लिहिलेल्या मापानेच कालवा, एक लिटरचं पाकीट अर्ध्या लिटरमध्ये कोंबू नका. दीड तासाच्या पुढच्या वाटेवर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम मिळतात. मीठ लावलेला उकडलेला बटाटा, खजूर, राजगिऱ्याची चिक्की हे सगळं चालतं. शेंगदाण्याची चिक्की चढावर घशात अडकते आणि तेलकटपणामुळे पचायला जड जाते, ती उतरल्यावर खा.

‘उतारावर वेळ भरून काढा’

सगळ्यात जास्त नुकसान करणारा सल्ला हाच. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावून अंग पेलतो. अशा कामात स्नायूचे तंतू बारीक-बारीक फाटतात. दुखणं एक ते तीन दिवसांनी शिगेला पोचतं, पण ताकद लगेच घटते. म्हणून पहिल्या उतारावर सुसाट सुटलेल्या माणसाचे पाय दुसऱ्या चढाला लटपटतात, आणि दुसऱ्या उताराला तो पडतो. मिनेत्तींच्या मोजणीत साधारण २० टक्के उतारापर्यंत पळणं स्वस्त होत जातं. त्याहून तीव्र उतारावर स्वतःला आवरण्यातच शक्ती जाते.

सह्याद्रीची जमीन यात भर घालते. पावसाळ्यात आणि नंतरच्या काही आठवड्यांत कातळावर शेवाळ असतं. डिसेंबरनंतर वाळलेलं गवत वाटेवर आडवं होतं आणि त्यावरून पाय सटकतो. उन्हाळ्यात घसारा: कडक मुरमावर बारीक खड्यांचा थर, त्यावर टाच टेकवली की खडे चाकासारखे फिरतात. यांतल्या प्रत्येकावर वेगळं उतरावं लागतं. घसाऱ्यावर गुडघे सैल, पावलं छोटी आणि झटपट, पूर्ण तळवा एकदम टेकवायचा. अंग मागे टाकायचं नाही, मागे रेललं की तळव्यावरचा भार कमी होतो आणि पाय निसटतो. नजर तीन-चार मीटर पुढे, पायाशी नव्हे. ओल्या कातळावर, कळसूबाईच्या शिड्यांवर, राजगडच्या चोर दरवाजाच्या खड्या टप्प्यावर पळायचंच नाही. तीव्र शिडी तोंड तिच्याकडे करून, दोन्ही हातांनी धरून उतरायची.

नाळेत, म्हणजे कड्यांमधल्या दगडी घळीत उतरताना तर पळणाऱ्याच्या पायाखालून सुटलेला दगड थेट खालच्या माणसाच्या डोक्यावर जातो. तिथे एक जण सुरक्षित आडोशाला पोचल्यावरच दुसऱ्याने निघायचं. दगड सुटलाच तर ‘दगड!’ म्हणून ओरडायचं. रविवारी गर्दीच्या वाटेवर लहान मुलं, वयस्कर माणसं, डोक्यावर हंडा घेतलेल्या बाया असतात. तिथे ‘येतोय’ म्हणून आवाज द्या आणि चालत पुढे जा.

उतार शिकता येतो. ओळखीच्या, रुंद, मातीच्या वाटेवर सोप्या वेगाने दोनशे मीटर उंची उतरून सुरुवात करा. एकदा झालेल्या हलक्या झिजेनंतर स्नायू पुढचे काही आठवडे त्याच कामाला चांगला टिकतो. आठ-दहा दिवसांच्या अंतराने उंची वाढवत न्या. निघण्याआधी नखं कापा, बुटात अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवा, आणि बुटाच्या सगळ्यात वरच्या जादा भोकातून नाडीचा फास करून टाच जखडा. नाहीतर पाय पुढे सरकून नखं काळी पडतात.

‘रस्त्याचे बूट चालतात’

कोरड्या, रुंद वाटेवर चालतील. जाड, मऊ फोमवर पाऊल उंच राहतं आणि दगडावर घोटा मुरगळतो. मातीला ४-५ मिलिमीटरचे खोल खाचे लागतात, पण आपल्या कातळावर खाच्यांपेक्षा रबर मऊ असणं महत्त्वाचं. स्वस्तातले ॲक्शन कंपनीचे ट्रेकिंग बूट इथे इतके वर्षं टिकून आहेत ते त्या पकडीमुळेच.

‘ट्रॅक आहे, मग ओझं कशाला’

पळताना फाटे दिसत नाहीत. ढोरवाट पायवाटेपेक्षा ठळक असते आणि पाय आपोआप तिकडे वळतात. प्रत्येक फाट्यावर चालीवर या, मागे वळून वाट कशी दिसते ते एकदा बघा, मग ट्रॅकशी ताडून पुढे जा. मोबाइल फ्लाइट मोडवर ठेवला तरी जीपीएस चालतं आणि बॅटरी टिकते.

सामान कमी असावं हे खरं, पण चालणाऱ्यापेक्षा पळणाऱ्याला उबेची गरज जास्त असते. पळत असेपर्यंत अंग तापलेलं असतं. पाय मुरगळून बसला की घामाने भिजलेला पातळ शर्ट आणि धारेवरचा वारा अर्ध्या तासात कुडकुडी भरवतात. वाऱ्याचं पातळ जाकीट, चकाकी असलेलं आपत्कालीन पांघरूण, डोक्याला लावायची टॉर्च, शिट्टी, १० सेंटीमीटर रुंद क्रेप बँडेज. सगळं मिळून अर्ध्या किलोच्या आसपास भरतं आणि सात-आठ लिटरच्या वेस्टमध्ये, म्हणजे पळताना अंगात घालायच्या खिशांच्या सॅकमध्ये पाण्यासह मावतं. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरचा हेल्पलाइन क्रमांक निघण्याआधी फोनमध्ये आणि कागदावर दोन्हीकडे हवा. कुठल्या वाटेने जाणार आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू करायचा, हे घरच्यांना सांगितलेलं हवं.

घोटा मुरगळलाच तर आधी जाकीट अंगात घाला, थंडी वाजायची वाट बघू नका. बूट काढू नका, सूज आली की तो परत चढत नाही. नाड्या सैल करून बुटावरूनच इंग्रजी आठच्या आकारात बँडेज गुंडाळा. मग उभं राहून चार पावलं टाकून बघा. टाकता आली तर काठीच्या आधाराने हळूहळू जवळच्या वाडीच्या दिशेने उतरा. नाही आली तर हाड मोडलंय असं धरून तिथेच, वाटेजवळ आणि वाऱ्याच्या आड बसा, फोन करा, आणि एका मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, असं चालू ठेवा. उत्तर म्हणून मिनिटात तीन शिट्ट्या ऐकू आल्या, तरी माणसं पोचेपर्यंत शिट्ट्या वाजवणं थांबवू नका.