हायवेवरची होडी

शिडाची होडी विकणारा माणूस वाऱ्याबद्दल बोलतो. पेट्रोल नको, गोंगाट नको, नुसता वारा आणि तुम्ही. होडी ज्याच्यावर बसलेली असते त्या ट्रेलरबद्दल तो 'ट्रेलरसकट' एवढाच शब्द काढतो, तोही किंमत सांगताना, जरा खालच्या आवाजात. पैसे देऊन झाल्यावर हळूहळू लक्षात येतं की आपण ट्रेलर विकत घेतलाय आणि होडी त्याच्यासोबत आलीय.

आमची होडी कॅटालिना २२. फ्रँक बटलर नावाच्या गृहस्थांनी आखलेली, १९६९ पासून पंधरा हजारांहून जास्त बांधल्या गेलेली. अमेरिकेत जिथे तळं आहे तिथे कुणाच्या ना कुणाच्या परसात ताडपत्रीखाली एक कॅटालिना २२ झोपलेली असते. लांबी साडेएकवीस फूट, रुंदी पावणेआठ फूट. यातला रुंदीचा आकडा महत्त्वाचा. साडेआठ फुटांच्या आत असलं की रस्त्यावरून न्यायला वेगळा परवाना लागत नाही. म्हणजे या होडीची कंबर समुद्राने नाही, हायवेने मोजलेली आहे. मी हे आधी वाचलं होतं, पण 'वा, सोय आहे' एवढाच अर्थ घेतला होता.

आम्ही नॉर्थ कॅरोलायनात कॅरीला राहतो. जॉर्डन लेक एरवी अर्ध्या तासावर, होडी मागे असली की पाऊण. हॉ नदीवर धरण बांधून केलेला हा चौदा हजार एकरांचा तलाव. १९४५ च्या पुरानंतर त्याचा विचार सुरू झाला, मंजुरी १९६३ मध्ये मिळाली आणि पाणी भरायला ऐंशीचं दशक उजाडलं. हे ऐकून सासऱ्यांना फार बरं वाटलं. नाना रत्नागिरीला पीडब्ल्यूडीत होते. उन्हाळ्यात ते आमच्याकडे येतात आणि अमेरिकेत सगळं वेळेवर होतं हे गेली अनेक वर्षं मुकाट्याने ऐकून घेतात.

"आणि तुमच्या नळाला पाणी कुठलं येतं?" त्यांनी विचारलं.

"याच तलावाचं."

"म्हणजे पिण्याच्या पाण्यात होडी," असं म्हणून ते गाडीत बसले.

पण त्याच्या आधी ट्रेलर गाडीला जोडावा लागतो. गाडीच्या मागे एक पोलादी गोळा असतो आणि ट्रेलरच्या तोंडाला त्यावर बसणारी टोपी. गोळे एक पूर्णांक सात अष्टमांश, दोन आणि दोन पूर्णांक पाच सोळांश इंच अशा मापांत मिळतात. चुकीचा धाकटा गोळा घेतला तर टोपी त्यावर बसल्यासारखी दिसते आणि पहिल्या खड्ड्यात उडते. आमचा दोन इंची. गाडी मागे घेत घेत हा गोळा बरोब्बर टोपीखाली आणायचा. कॅमेरा असूनही बायको मागे उभी राहते, कारण कॅमेरा उलट बोलत नाही. "ये, ये, ये, ये, थांब! अरे थांब म्हटलं ना! आता दोन इंच पुढे. दोन इंच म्हटलं मी, दोन फूट नाही."

गोळा उघडा मिळाला तेवढ्यात नाना नारळ घेऊन आले. होडी पाण्यात जाणार आणि नारळ नाही, हे कोकणातल्या माणसाला मंजूर नव्हतं. इंडियन स्टोअरमधून शेंडीवाला नारळ त्यांनी आदल्या दिवशीच आणवला होता. फोडायचा कशावर? होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, ते नेम धरून उभे होते, पण फायबरग्लासला तडा गेला तर दुरुस्तीचा खर्च मला माहीत होता. मी गाडीच्या मागच्या गोळ्याकडे बोट दाखवलं. पोलाद, गोल, गुडघ्याच्या उंचीवर. एका दणक्यात दोन सरळ भकलं झाली. एवढ्या वर्षांत त्या गोळ्याने विनातक्रार केलेलं हे एकच काम.

मग दिवे. ट्रेलरच्या दिव्यांना चार वायरी. पांढरी अर्थिंगची, तपकिरी मागच्या लाल दिव्यांची, पिवळी डाव्या सिग्नलची, हिरवी उजव्या. चारच असल्यामुळे माणूस गाफील राहतो. पांढरीच्या टोकाला गंज चढला की वीज आपली दुसरी वाट शोधते आणि डावा सिग्नल दिला तरी दोन्हीकडचे दिवे मंद मंद मिचकतात. मागच्या गाडीवाल्याला वाटतं, ह्यांचं अजून ठरलेलं दिसत नाही. ते टोक सॅंडपेपरने घासायचं, पुन्हा जोडायचं आणि मुलाला मागे उभं करून विचारायचं. आमचे चिरंजीव सोळा वर्षांचे आहेत. 'लागला का?' या प्रश्नाला ते मान हलवतात, आणि आरशात मान दिसत नाही.

तोवर नानांनी जेवणाचे डबे, पाण्याचे कॅन, बर्फाची पेटी आणि सतरंजी असं सगळं होडीच्या मागच्या भागात नीट रचून ठेवलं होतं. ते मला पुढे हलवावं लागलं. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी दहा ते पंधरा टक्के भार गाडीच्या गोळ्यावर यायला लागतो. कमी आला तर वेग वाढल्यावर ट्रेलर मागे डावीउजवीकडे झोके घ्यायला लागतो, आणि ते झोके एकदा वाढले की गाडीलाही नाचवतात. होडी एक टन, खाली ट्रेलर, वर आमचं जेवण. "बटाट्याच्या भाजीने एवढा काय फरक पडणार?" असं बायकोने विचारलं. मी आकडे सांगायला लागलो तशी ती घरात जाऊन लोणच्याची बरणी घेऊन आली आणि म्हणाली, "ही कुठल्या टक्क्यात बसते बघ."

चौसष्ट नंबरच्या हायवेवर मी उजव्या लेनमधून बेताने चालवतो. मागून येणारे ट्रक जवळून गेले की होडी थरथरते आणि आडवी बांधलेली डोलकाठी मागे हवेत हलते, तिच्या टोकाला लाल फडकं. ओव्हरटेक करणारी माणसं आमच्याकडे कौतुकाने बघतात. त्यांना सुट्टी दिसते. मला दिसतात ते होडी बांधलेले पट्टे, ज्यांच्यातला एक गुणगुणायला लागलेला असतो.

पेट्रोल पंपावर थांबलो की नाना उतरून ट्रेलरच्या चाकांच्या मधल्या टोपीला हाताची पाठ लावून ताप बघतात. हे मीच त्यांना शिकवलं आणि आता ते कुणाला करू देत नाहीत. बेअरिंग तापलेलं असताना चाक थंड पाण्यात गेलं तर आतली हवा आकसते, पाणी आत ओढलं जातं, ग्रीस जातं, गंज चढतो आणि पुढच्या खेपेला चाक हायवेवरच राजीनामा देतं. म्हणून तलावावर पोचल्यावर चाकं निवू द्यायची. होडी मांडायला आपल्याला इतका वेळ लागतो तो मुद्दाम, बेअरिंगच्या भल्यासाठी, असं मी बायकोला समजावलं आहे.

मांडामांड रॅम्पवर, म्हणजे होडी पाण्यात सोडायच्या उतारावर, करायची नाही, पार्किंगमध्ये करायची, हा तिथला अलिखित आणि अत्यंत कडक नियम. पंचवीस फुटी अॅल्युमिनियमची डोलकाठी, तिला धरून ठेवणाऱ्या आठ तारा. एक पुढची, एक मागची, तीन तीन दोन्ही बाजूंच्या. घरून निघताना त्या सुट्या सुट्या गुंडाळून बांधलेल्या असतात. वीस मैलांच्या प्रवासात त्या एकमेकींना भेटतात. उकलून झाल्या की काठीचा बुडखा छपरावरच्या बिजागरीत बोल्टने अडकवायचा, मी मागे उभं राहून काठी खांद्यावर घेऊन पुढे ढकलायची, बायकोने नाळेवरून पुढची तार ओढायची, चिरंजीवांनी कुठली तार कशात अडकली ते बघायचं.

त्याआधी एक काम. वर बघायचं. विजेच्या तारा आहेत का, झाडाआड लपलेल्या तर नाहीत ना. धातूची काठी आणि उघडी तार, यात माणसं जीवानिशी गेलेली आहेत. एवढ्या एका ठिकाणी आमच्या घरात कुणी कुणाला टोमणा मारत नाही. चौघंही वर बघतो, मग नाना "निरभ्र" असं जाहीर करतात.

काठी अर्ध्यावर आली की हमखास एक तार खिडकीच्या चौकटीत अडकते. त्या अवस्थेत मी खाली ठेवू शकत नाही, वर नेऊ शकत नाही आणि नेमका तेव्हाच कुणीतरी सदगृहस्थ गप्पा मारायला येतो. माझ्या काकांकडे अशीच एक होती, असं तो सांगतो. अमेरिकेत प्रत्येकाचे एक काका असतात आणि त्यांच्याकडे कॅटालिना २२ असते. काकांनी ती पुढे विकून टाकली, हेही तो सांगतो.

शेवटी काठी उभी राहिली. नाना लांब जाऊन एक डोळा मिटून बघून आले.

"किंचित मागे झुकलीय, जावईबापू."

"तशीच असते, नाना. थोडी मागे झुकती ठेवायची असते."

"असू दे, असू दे. गुढीही तिरकीच असते."

मग तारा ताणायच्या आणि प्रत्येक पिनेत अर्ध्या इंचाची स्टीलची रिंग ओवायची, पिन निसटू नये म्हणून. ही रिंग नखाने उघडत नाही, पकडीने वाकते आणि गवतात पडली की गवताचीच होते. मी डबीत मूठभर जास्तीच्या ठेवतो. हरवलेल्या शोधायला जॉर्डन लेकच्या पार्किंगमध्ये उद्या कुणी मॅग्नेट फिरवलं तरी काही मिळणार नाही, कारण स्टेनलेस बहुतेक चिकटत नाही. ही तजवीज कुणी केली असेल त्याला माझा नमस्कार.

आणि आता रॅम्प.

भारतीय नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे २००९ मध्ये गोव्यात बांधलेली 'म्हादेई' ही शिडाची होडी घेऊन मुंबईहून निघाले आणि २०१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून परत आले. असं करणारे पहिले भारतीय. दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या केप हॉर्नला वळसा घातला, दक्षिणेकडच्या महासागरातल्या डोंगराएवढ्या लाटा झेलल्या. मला त्यांच्याबद्दल अपार आदर आहे. पण म्हादेई त्यांना रविवारी सकाळी, मागे पिकअप ट्रकांची रांग असताना, ट्रेलरवरून उलटी घ्यावी लागली नव्हती.

ट्रेलर उलटा घेताना स्टिअरिंग डावीकडे वळवलं की ट्रेलर उजवीकडे जातो. यावर उपाय म्हणून हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला धरायचा. मग हात जिकडे जाईल तिकडे ट्रेलर. हे दहा फुटांपर्यंत चालतं. मग ट्रेलर थोडा जास्त वळतो, तो सरळ करायला आपण थोडं जास्त वळवतो आणि गाडी व होडी यांचा काटकोन होतो. शेजारच्या लेनमध्ये मासे पकडणारा एक माणूस एका हातात कॉफी घेऊन एकटाच आला, एका फटक्यात होडी पाण्यात सोडली आणि गेलाही. अशा माणसांना रॅम्पवर वेगळी वेळ ठेवायला हवी.

'डावीकडे' हा शब्द आम्ही बाद केला आहे. कुणाच्या डावीकडे, यावरून फार वेळ जायचा. आता बायको खुणेची ठिकाणं सांगते. "झाडाकडे घे. अजून झाडाकडे. बास, आता रेस्टरूमकडे! अरे, रेस्टरूमकडे! झाड सोड आता!" परदेशात राहण्याचा एक मोठा फायदा म्हणजे चारचौघांत मराठीत भांडता येतं. कॅरीत मात्र हा फायदा धरून चालू नये. रांगेतल्या तिसऱ्या गाडीच्या खिडकीतून एक डोकं बाहेर आलं आणि स्वच्छ आवाजात म्हणालं, "काका, पुढे घेऊन परत सरळ करा ना. घाई नाही आम्हाला."

नाना लगेच त्यांच्याकडे गेले. गाव कुठलं, आडनाव काय, चिपळूणचे म्हणजे कुठले, हे होईपर्यंत मी दोनदा पुढे घेऊन ट्रेलर सरळ केला होता. दिव्यांचा प्लग काढला, ट्रेलरला लांब करणारी दांडी बाहेर ओढली. या होडीच्या पोटाखाली अडीचशे किलोचं बिडाचं कील, म्हणजे होडी कलंडू नये म्हणून पाण्यात खाली सोडायचं जड पातं, दुमडलेलं असतं, त्यामुळे ती ट्रेलरवर उंच बसते आणि गाडीची मागची चाकं पाण्याला टेकली तरी तरंगायचं नाव घेत नाही. दांडीने ती अंतर राखून खोल जाते. गेली. डोलली. चिरंजीवांनी दोरी धरली आणि त्या दिवसातलं पहिलं वाक्य बोलले, "फ्लोट झाली."

पाण्यावरचं फार सांगण्यासारखं नाही. विंचने कील खाली सोडलं, शिडं चढवली, छोटं इंजिन बंद केलं. जुलै महिन्यात कॅरोलायनात दुपारी वारा नसतो, वारा असल्याची अफवा असते. दही-भात खाल्ला. नाना शिडाकडे बघत होते आणि शीड कुठेच बघत नव्हतं. कॅटालिनाचं एक वैशिष्ट्य म्हणून मी त्यांना सांगितलं, की कील उचलायची जी तार खाली पाण्यात असते ती होडीने वेग घेतला की गुणगुणते.

नानांनी बराच वेळ कान दिला.

"आत्ता गुणगुणतेय?"

"नाही."

"बरोबर आहे," ते म्हणाले आणि त्यांनी लोणच्याची बरणी मागितली.

तीनच्या सुमाराला पश्चिमेकडे ढग काळे झाले. उन्हाळ्यात इथे दुपारी गडगडाट ठरलेला, आणि पंचवीस फुटी धातूच्या काठीखाली बसून तो ऐकायचा नसतो. इंजिन चालू करून परतलो. मग तेच सगळं उलट्या क्रमाने. गाडी उलटी, झाड, रेस्टरूम, होडी ट्रेलरवर, रिंगा काढा, तारा गुंडाळा, काठी आडवी, पट्टे, प्लग. डावा सिग्नल पुन्हा दोन्हीकडून मिचकायला लागला होता, पण आता आमचंही काही ठरत नव्हतं.

घरी पोचल्यावर मी बागेच्या नळीने चाकं धूत होतो. नाना पायरीवर बसून रत्नागिरीला मेव्हण्यांना फोन लावून बसले होते. फोन स्पीकरवर होता.

"होडी? हो, आजच काढली होती. फस्क्लास! हायवेने नेली, जाऊन येऊन दीड तास. रस्ता म्हणजे पोटातलं पाणी हलणार नाही. ट्रक बाजूने जातात पण हॉर्न नाही. मध्ये दोनदा चाकांची तपासणी केली मी. सगळी गार." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "पाण्यात? हो, घातली ना. मध्ये थोडा वेळ पाण्यातही घातली होती."