‘डोळे मिटा, गाडीचा नंबरही आठवेल’: या दाव्यात खरं किती?

सोलापुरात फॉरवर्ड होणारा दावा असा: कॉग्निटिव्ह इंटरव्ह्यू (साक्षीदाराला प्रसंग मनात पुन्हा उभा करायला लावून माहिती काढण्याची मुलाखत-पद्धत) घेतला की साक्षीदाराला गाडीचा नंबरसुद्धा आठवतो, तो सांगेल ते शंभर टक्के खरं असतं आणि खोटारडाही सापडतो.

आधी नंबर. सात रस्त्यावर रिक्षानं दुचाकीला उडवलं आणि साक्षीदारानं आवाज ऐकून मान वळवली, तर धडकेआधीची रिक्षा त्यानं पाहिलेलीच नाही. नंबर असो की आणखी काही, जे मनात नोंदलंच गेलं नाही, ते कुठल्याही पद्धतीनं बाहेर निघत नाही. चेहरा ओळखण्यातही या पद्धतीचा भरवशाचा फायदा दिसलेला नाही.

शंभर टक्के? फिशर आणि गायझेलमन या मानसशास्त्रज्ञांनी 1980च्या दशकात ही पद्धत घडवली. 1999 साली कोन्केन आणि सहकाऱ्यांनी अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला: बरोबर तपशील बरेच वाढले, चुकीचेही थोडे वाढले. अचूकता सुमारे 85 टक्के, साध्या मुलाखतीत 82. म्हणजे फायदा माहिती जास्त मिळण्याचा, आणि तो मोठा आहे. पण तोही मुलाखत नीट घेतली तरच.

नीट म्हणजे कशी? आधी साक्षीदाराशी ओळख करून मोकळेपणा आणायचा, मग स्पष्ट सूचना: “मी तिथं नव्हतो, तुम्ही सांगा, अंदाज नको, माहीत नसेल तर तसं म्हणा.” मग जागा, उजेड, आवाज, स्वतःची मनःस्थिती आठवू द्यायची. त्यानंतर न टोकता सगळं ऐकायचं, प्रश्न शेवटी. घोडं पेंड खातं ते इथंच: मुलाखत घेणारे पोलीस साहेब दुसऱ्या वाक्यालाच तोडतात, “खाकी शर्ट होता ना?” विचारतात आणि तो शर्ट साक्षीदाराच्या आठवणीत जाऊन बसतो. ‘दुसऱ्याच्या नजरेतून सांगा’ ही मूळ पायरी तर अंदाजाला आमंत्रणच. ती गाळलेली बरी. पूर्व भागातल्या तेलुगूभाषक साक्षीदाराला तेलुगूतच बोलू द्यावं. आणि हे सगळं सीसीटीव्हीची क्लिप बघण्याआधी, इतर साक्षीदारांशी चर्चा होण्याआधी.

खोटारड्याबद्दल थोडक्यात: पद्धत सहकार्य करणाऱ्या साक्षीदारासाठी आहे. लपवणाऱ्यावर ती चालत नाही.

मुख्य अडचण पोस्टमध्ये नाहीच. तासभर शांत खोली चौकीत मिळणं कठीण, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 180 खालचा जबाब बहुतेकदा तपास अधिकाऱ्याच्या शब्दांत, आटोपशीर उतरतो. मुलाखतीत निघालेला तपशील कागदावर आला नाही आणि साक्षीदारानं तो कोर्टात सांगितला, तर बचाव पक्ष त्याला ‘नंतर केलेली सुधारणा’ म्हणतो. महत्त्वाची गोष्ट जबाबात नसणं हीच विसंगती ठरू शकते. ऑडिओ-व्हिडिओ नोंदीची मुभा त्याच कलमात आहे. ती वापरावी.