पाच पायांचा डबा

गाडीत गाणी नीट वाजावीत म्हणून माणूस जे जे सोसतो, त्यात रिले दिसायला सगळ्यात किरकोळ. इंचभर उंचीचा काळा डबा, खाली पाच पाय, आणि बोलणं एकच: ‘टक’. तरी रविवारची आख्खी दुपार गिळायची ताकद या डब्याइतकी दुसऱ्या कुठल्याही पार्टात नाही, असं माझं ठाम मत आहे. दाराचं पॅनल उघडताना क्लिपा तुटतात, सबवूफर उचलताना कंबर धरते. पण निदान काय बिघडलं ते कळतं. रिले काही कळू देत नाही. तो टक करतो. कधी कधी तेही करत नाही.

मुळात हा लागतो कशाला? स्टिरिओच्या मागच्या झुबक्यात एक निळी-पांढरी वायर असते. स्टिरिओ लावला की तिच्यात बारा व्होल्ट येतात आणि डिकीतल्या अ‍ॅम्प्लिफायरला ‘ऊठ’ असा निरोप जातो. ती नुसती निरोपी. बऱ्याच स्टिरिओंच्या पुस्तिकेत तिची मर्यादा ३०० मिलिअँपिअर लिहिलेली असते. ते पान कोणी वाचत नाही ही गोष्ट वेगळी. एक अ‍ॅम्प उठवायला थोडेसेच मिलिअँपिअर लागतात, त्यामुळे वायर सुखात असते. मग आपण दुसरा अ‍ॅम्प आणतो. डिकीत तो तापतो म्हणून कॉम्प्युटरचे ८० मिलिमीटरचे दोन पंखे आणतो, आणि हाताशी आहे म्हणून तेही याच वायरीला जोडून टाकतो. एकेक पंखा दीडशे-दोनशे मिलिअँपिअर खातो. म्हणजे निरोप सांगायला आलेल्या पोराच्या डोक्यावर गव्हाचं पोतं दिलं. पोर काही दिवस ओढतं, मग स्टिरिओच्या आतला ट्रान्झिस्टर बसतो. पडद्यावर गाणं पळतंय, स्पीकर मुके.

रिले आणला की निरोप्या वेगळा आणि हमाल वेगळा. त्याच्या आत तारेचं एक वेटोळं असतं, साधारण ८० ते १०० ओहमचं. त्याला १२ व्होल्ट मिळाले की १२० ते १५० मिलिअँपिअर वाहतात, लोहचुंबक तयार होतं, पत्ती ओढली जाते आणि दुसऱ्याच वाटेने बॅटरीचा ताजा करंट पुढे जातो. ‘रिले’ हा शब्द डाकेच्या घोड्यांचा. दमलेला घोडा चौकीवर सोडायचा, ताजा जुंपायचा, थैली तीच.

आता पायांचे नंबर: ३०, ८५, ८६, ८७ आणि ८७ए. सरळ एक ते पाच का नाहीत? कारण हे जर्मन मानक आहे, डीआयएन ७२५५२. त्यात गाडीतल्या प्रत्येक टोकाला कायमचा नंबर दिलेला आहे. ३० म्हणजे थेट बॅटरी, ३१ म्हणजे अर्थ (गाडीचा पत्रा), १५ म्हणजे किल्लीनंतरचा करंट, ५० म्हणजे स्टार्टर. आपल्या रिलेत ८५ आणि ८६ ही वेटोळ्याची दोन टोकं; वेटोळं जागं झालं की ३० हा ८७ ला जोडला जातो, झोपलेलं असताना ८७ए ला. एकदा अंगवळणी पडले की चाळीतल्या खोल्यांच्या नंबरांसारखे डोक्यात बसतात. तोवर मात्र रिले उलटा धरून, चष्मा कपाळावर चढवून, प्लास्टिकवर कोरलेले मुंगीएवढे आकडे वाचायचे. कोरलेलेच वाचायचे, इंटरनेटवरच्या चित्रावर जायचं नाही. सारख्याच दिसणाऱ्या रिलेंचे दोन घाट मिळतात, आणि त्यांत ३० आणि ८६ यांच्या जागा एकमेकांत बदललेल्या असतात.

जोडणी सांगायला चार ओळी पुरतात. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढायची. रिले डिकीत अ‍ॅम्पजवळ. ३० ला अ‍ॅम्पच्या पॉवर ब्लॉकवरून (बॅटरीची जाड वायर येते तिथून) ५ अँपिअरच्या फ्यूजमधून करंट, १ चौरस मिलिमीटरची वायर भरपूर झाली. ८६ ला निळी-पांढरी, ८५ ला अर्थ, ८७ वरून दोन्ही अ‍ॅम्पचे ‘रिमोट’ (‘ऊठ’चा निरोप घेणारं टोक) आणि दोन्ही पंखे. ८७ए ला काहीही नाही; टेप मारून मोकळं सोडायचं. पायांवर ६.३ मिलिमीटरचे चपटे लग, म्हणजे वायरीच्या टोकाला लावायच्या धातूच्या टोप्या, बसतात. ते क्रिम्पिंगच्या पकडीने दाबा. दाताने वायर सोलून पिळा मारलेले जोड पहिल्या स्पीडब्रेकरलाच राजीनामा देतात.

आणि डायोड, म्हणजे करंटला एकाच दिशेने सोडणारा बारका पार्ट. दुकानात लोक यालाच नको म्हणतात, म्हणून इथे जरा थांबतो. वेटोळ्याचा करंट तोडला की त्यातलं चुंबकत्व एकदम कोसळतं आणि उलट्या दिशेने शेकडो व्होल्टचा झटका येतो, थेट स्टिरिओच्या त्याच नाजूक ट्रान्झिस्टरवर. म्हणजे ज्याला वाचवायला रिले आणला, त्यालाच रिले रोज लाथ घालणार. उपाय कटिंग चहापेक्षा स्वस्त आहे. वन एन ४००७ नावाचा डायोड ८५ आणि ८६ यांच्यामध्ये लावायचा, त्याचा चंदेरी पट्टा ८६ कडे. पट्टा उलटा लागला तर स्टिरिओची वायर सरळ अर्थला टेकते, आणि मग डायोड आधी जातो की स्टिरिओ, एवढंच बघायचं उरतं. काही रिलेंत डायोड आतच असतो. तसं असेल तर ८५ आणि ८६ अदलाबदल करून चालत नाहीत. साध्या रिलेत चालतात.

एक शहाणपण हमखास सुचतं: रिले चाळीस अँपिअरचा आहे, मग अ‍ॅम्पची जाड पॉवर वायरच यातून का नेऊ नये? नेऊ नये. मोठा अ‍ॅम्प बासच्या ठोक्याला साठ-सत्तर अँपिअर ओढू शकतो. पत्ती एकदा वितळून चिकटली की किल्ली काढून घरी गेलात तरी अ‍ॅम्प जागाच. जाड वायर बॅटरीवरून थेट, तिचा फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत. फ्यूज वायरीला वाचवायला असतो, अ‍ॅम्पला नव्हे. त्यामुळे तो डिकीत अ‍ॅम्पशेजारी लावला, तर मधल्या बारा-पंधरा फुटांचं राखण कोणीच करत नाही.

हे सगळं डिकीत डोकं घालून चाललेलं असताना पार्किंगमधले काका येतात. प्रत्येक सोसायटीत ते असतात.

‘‘बॅटरी उतरली वाटतं?’’

‘‘नाही काका, रिले लावतोय.’’

‘‘हॉर्नचा?’’

‘‘अ‍ॅम्पचा.’’

‘‘आमच्या वेळी असलं काही लागत नव्हतं,’’ असं म्हणून काका जात नाहीत. ते थांबतात. टॉर्च धरा म्हटलं तर धरतातही, फक्त उजेड आपल्या डोळ्यांवर.

टक ऐकू आली आणि गाणं नाही, तर दोष पलीकडच्या बाजूला: ३० चा फ्यूज नाहीतर ८७ चा लग. टकच नाही, तर मल्टिमीटर घेऊन ८६ आणि ८५ मध्ये बारा व्होल्ट आहेत का ते बघा. बहुतेक वेळा अर्थ दगा देतो, कारण तो रंगावरच आवळलेला असतो. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत घासून मगच बोल्ट मारायचा. सीटबेल्टचा बोल्ट मात्र यासाठी वापरायचा नाही, आणि नवीन भोक पाडण्याआधी गाडीखाली वाकून पेट्रोलची टाकी कुठे आहे ते बघायचं. टकटकटकटक असा टाइपरायटर सुरू झाला, तर वेटोळ्याला व्होल्टेज अपुरं पडतंय किंवा जोड सैल आहे.

दोन चुका मात्र बघण्यासारख्या. पहिली, निळ्या-पांढऱ्याऐवजी नुसती निळी जोडणे. ती अँटेनाची. काही स्टिरिओंत ती फक्त रेडिओ चालू असतानाच जिवंत असते. मग एफएमवर निवेदिका दणक्यात बोलते, पेनड्राइव्हवर गेलं की डिकीत सुतक. माणूस पेनड्राइव्ह बदलत बसतो.

दुसरी, ८७ ऐवजी मधला ८७ए धरणे. मग सगळा कारभार उफराटा. गाणी लावली की अ‍ॅम्प झोपतात, गाडी बंद केली की उठतात. शांतपणे, रात्रभर. दोन अ‍ॅम्प आणि पंखे नुसते बसून दोनेक अँपिअर खातात. दहा तासांत वीस अँपिअर-तास गेले, आणि छोट्या गाडीची बॅटरीच पस्तीसची. सकाळी किल्ली फिरवल्यावर जो आवाज येतो तोही टकच असतो, पण स्टार्टरचा.

म्हणून शेवटी रात्रीचा खर्च मोजायचा. बॅटरीची निगेटिव्ह काढून मधे मीटर, तांबडी पिन १० अँपिअरच्या भोकात. दारं बंद करून अर्धा तास थांबायचं, तोवर गाडीतले कॉम्प्युटर झोपतात. आकडा ५० मिलिअँपिअरच्या आत आला की झालं. याच आनंदात आपण निगेटिव्ह परत आवळतो, आणि बॅटरी किती भरली आहे तेही बघून घेऊ म्हणून तोच मीटर बॅटरीच्या दोन टोकांना लावतो. तांबडी पिन अजून १० अँपिअरच्याच भोकात.

ठिणगी, आणि एक बारीक ‘टक’. रिले नव्हे. मीटरचा फ्यूज. तो मीटरच्या आत असतो, मागचे स्क्रू काढले की दिसतो. काका अजून उभेच आहेत.