‘मागचं झटकून टाका’ या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस आमच्या दापोलीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मला तो चार जणांनी पाठवला, त्यात माझी सख्खी आत्याही आहे. मेसेज असा: “ओव्हरथिंकिंग हा रिकाम्या माणसाचा आजार. आपल्या कोकणातल्या जुन्या माणसांना तो ठाऊकही नव्हता. दिवसभर कामात राहा, विचार येणारच नाहीत. मागचं आठवलं की झटकून टाका. जुनं उकरून काढू नका. अगदीच जड झालं तर समुद्रावर जाऊन या, तो सगळं घेऊन जातो.”

पाठवणाऱ्यांच्या मनात वाईट काही नाही, हे मला माहीत आहे. पण हाच सल्ला मी वर्षभर पाळला आणि त्या वर्षात माझी झोप गेली. म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर देतो.

“जुन्या माणसांना ठाऊकही नव्हता.” रत्नागिरीचं मनोरुग्णालय इंग्रजांच्या काळापासून उभं आहे. आणि ‘झुरणीला लागणे’, ‘मनाला लावून घेणे’, ‘तेच तेच उगाळत बसणे’ हे शब्द आपण आज पाडलेले नाहीत. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ असं म्हणणाऱ्या माणसांना रात्रभर छताकडे बघत पडणं ठाऊक नव्हतं, हे मी मानणार नाही.

“दिवसभर कामात राहा, विचार येणारच नाहीत.” आमचं सुपारीचं आगर आहे, थोडे माडही आहेत. असोली सुपारी सोलायला बसलं की हात आपोआप चालतात आणि डोकं मोकळं असतं. मागचं सगळं नेमकं तेव्हाच वर येतं. हर्णैला बंदरावर जाळी शिवत बसलेल्या कुणालाही विचारा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, हाताला जाळ्याचं काम असतं आणि मनात गेल्या हंगामाचं कर्ज. हे लोक रिकामे आहेत असं म्हणायची कुणाची छाती आहे?

या वाक्यात थोडं खरं आहे, तेही सांगतो. सुझन नोलेन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आयुष्यभर याच उगाळण्याचा अभ्यास केला. त्यांच्या प्रयोगांत, आधीच उदास असलेल्या लोकांना आठ मिनिटं स्वतःच्या भावनांवर विचार करायला लावलं की ते आणखी खचायचे, आणि तेवढाच वेळ मन दुसरीकडे वळवलं की हलके व्हायचे. तेव्हा लक्ष दुसरीकडे नेण्याने उतार पडतो, हे खरं. पण तो उतार तात्पुरता. दुखरी गोष्ट आहे तिथेच असते, आणि रात्री दिवा मालवला की कामही संपतं. १९८९ च्या कॅलिफोर्नियातल्या भूकंपाच्या दोनच आठवडे आधी त्यांनी काही विद्यार्थ्यांची पाहणी करून ठेवली होती. भूकंपानंतर पाहिलं, तर ज्यांना आधीपासून दुःख घोळवत बसायची सवय होती त्यांच्यात उदासीची लक्षणं जास्त होती. ही मनाची सवय आहे. तिला आळस म्हणणं म्हणजे तापलेल्या माणसाला चुलीजवळ बसू नको सांगण्यासारखं आहे.

“मागचं आठवलं की झटकून टाका.” माझा खरा राग या वाक्यावर आहे.

३ जून २०२०, निसर्ग चक्रीवादळ. आमच्या पडवीच्या कोपऱ्याशी एक जुना माड होता, घराकडे कललेला. मे महिन्यात अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले होते, “हा काढून टाकायला हवा.” मी म्हटलं, पावसानंतर बघू. वादळात तो पडवीवर आला. वासे मोडले, कौलं खाली आली आणि अण्णांच्या मांडीचं हाड मोडलं. आगरातल्या पोफळी काड्यांसारख्या आडव्या झाल्या, पण त्यांचं मला तितकं लागलं नाही. नवी पोफळ पाच-सात वर्षांत धरते. ‘पावसानंतर बघू’ हे माझे दोन शब्द मात्र डोक्यातून जाईनात.

सगळे म्हणाले, आता तो विचार झटकून टाक. मी झटकत राहिलो. माड दिसला की मान वळवायची, कुणी वादळाचं काढलं की उठून जायचं. आणि पहाटे तीनला डोळे उघडायचे ते त्याच शब्दांवर.

असं का होतं, ते मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेगनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये अमेरिकेत एका साध्या प्रयोगात दाखवलं. माणसांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका आणि तरीही आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. पुढचं जास्त महत्त्वाचं आहे. नंतर त्याच लोकांना अस्वलाचा विचार करायची मुभा दिली, तेव्हा ज्यांनी आधी तो दाबला होता त्यांच्या मनात अस्वल इतरांपेक्षा जास्त वेळा आलं. विचार आला नाही ना, हे तपासायला मनाला तोच विचार हाताशी ठेवावा लागतो. मी माड विसरायचा म्हणून दिवसभर माडाचीच राखण करत होतो.

मला उपयोग झाला तो उलट्या वाटेने. टॉमस बोर्कोवेक या मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये काळजीखोर लोकांसाठी सुचवलेली रीत आहे: काळजीला रोज एक ठरलेली वेळ आणि ठरलेली जागा द्यायची, अर्धा तास. इतर वेळी विचार आला तर त्याला हाकलायचं नाही, ‘संध्याकाळी बघू’ म्हणून पुढे ढकलायचं. मी दिवेलागणीच्या आधी मागच्या दारच्या पायरीवर बसायला लागलो. पहिले आठ-दहा दिवस काही फरक नव्हता. मग पहाटे जाग आली तरी परत झोप लागू लागली.

“जुनं उकरून काढू नका.” त्या पायरीवर मी वही घेऊन बसायचो. तोवर डोक्यात एकच प्रश्न फिरायचा: मी असा का वागलो? त्याला उत्तर नसतं, ‘मी नालायक’ एवढंच निघतं. वहीत मी प्रश्न बदलले. काय झालं, कधी, कुणाला काय म्हटलं. एका पानावर असं लिहिलंय: “मे २०२०. लॉकडाऊन. पाडेल्याला (माडावर चढून नारळ पाडणाऱ्याला) दोनदा फोन केला. तो म्हणाला, गावाबाहेर पडता येत नाही. तिसऱ्यांदा केला नाही. शेजारच्यांकडे करवत होती, विचारलं नाही.” हे दोन फोन मी पार विसरलो होतो. न विचारलेली करवतही तितकीच खरी. चूक होती, पण आता तिला माप होतं.

ते पान लिहून झालं आणि मी अण्णांजवळ जाऊन बसलो. वर्ष उलटून गेलं होतं, आम्ही दोघं त्या माडाबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो. मी म्हटलं, “अण्णा, माझं चुकलं. तेव्हाच काढायला हवा होता.” ते काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, “मी तरी दुसऱ्यांदा कुठे बोललो? आणि त्या दिवशी तू आत या म्हणत होतास, मीच पडवीत बसून राहिलो.”

एकाच घरात दोन माणसं वर्षभर तोच माड वाहत होती, आणि जुनं उकरायचं नाही म्हणून दोघंही गप्प. या मेसेजला माझं सगळ्यात मोठं उत्तर हेच आहे. ज्याच्याशी गोष्ट जोडलेली आहे त्याच्याशी एकदा सरळ बोलणं आणि जो भेटेल त्याला रोज तेच ऐकवत बसणं, यांत फरक आहे. रोज तेच ऐकवण्याने माणूस आणखी रुततो. एकदा सरळ बोलण्याला मनाई करू नका.

“समुद्रावर जाऊन या.” जरूर जा. वाळूत चालल्याने शरीर सैल होतं, श्वास लांब होतो. मीही जातो. पण समुद्र घेऊन जाईल या भरवशावर मी आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर कितीतरी संध्याकाळी काढल्या, आणि परत येताना माड माझ्याबरोबर घरी आला.

आणखी एक, जे मेसेजमध्ये कुठेच नाही. झोप आणि भूक दोन-दोन आठवडे गेलेली असेल, कामात हात चालत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं वाटत असेल, तर तिथे वही आणि पायरी पुरत नाही. सरकारची टेलिमानस ही फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६, पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलता येतं. आत्याला मी परवा हाच नंबर पाठवला आणि म्हटलं, त्या मेसेजच्या जागी हा पुढे पाठव. तिने पाठवला. मग रात्री तिचा फोन आला, आणि काकांना जाऊन नऊ वर्षं झाली तरी ज्या एका दिवसाबद्दल ती कधी बोलली नव्हती, त्याबद्दल ती तासभर बोलली.